यूकेत नवीन आलात? १२ महिने संपायच्या आत इथलं लायसन क्रमाने कसं काढायचं

दर महिन्याला मला कोणाचा तरी फोन येतो आणि प्रश्न तोच असतो, दादा भारताचं लायसन इथे किती दिवस चालतं, माझे अकरा महिने झाले, आता काय करू. अकराव्या महिन्यात हातात करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. नियम तसे अवघड नाहीत, पण बहुतेक जण आधी कळस मग पाया करतात, म्हणजे आधी ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरतात, मग प्रोव्हिजनल (इथलं शिकाऊ लायसन) मागवतात, मग थिअरी, आणि शेवटी प्रॅक्टिकलची तारीख बघायला गेल्यावर कळतं की ती पाच महिने पुढची मिळतेय. म्हणून एकदाच सगळं ओळीने लिहून काढतोय.

हे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे. नॉर्दर्न आयर्लंडचं खातं वेगळं आणि फीसुद्धा वेगळी, तिथे राहत असाल तर तिथल्या सरकारी साइटवर बघा.

१. आधी तुमचे १२ महिने कधी संपतात ते लिहून ठेवा

भारताच्या लायसनवर यूकेत राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. कार, साधी, जी तुमच्या लायसनवर लिहिलेली आहे ती. त्यानंतर त्या लायसनवर एक किलोमीटरसुद्धा नाही. काही देशांचं लायसन इथे नुसतं बदलून मिळतं, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, हाँगकाँग वगैरे, पण भारत त्या यादीत नाही. त्यामुळे पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी इथे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावंच लागतं.

इथे तीन गैरसमज सारखे ऐकू येतात. पहिला, मध्ये गणपतीला घरी जाऊन आलो की १२ महिने परत शून्यापासून सुरू होतात. होत नाहीत, तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासूनच मोजायचं. दुसरा, इंटरनॅशनल परमिट काढून आणलं की जास्त दिवस मिळतात. नाही मिळत, परमिट म्हणजे तुमच्या भारतीय लायसनचं भाषांतर, त्याने मुदत वाढत नाही. तिसरा जरा धोक्याचा आहे, प्रोव्हिजनल हातात आलं की १२ महिन्यांनंतरही चालवता येतं, फक्त एल (शिकाऊची पाटी) लावायचं. हे अर्धंच खरं आहे, उरलेलं अर्धं टप्पा ७ मध्ये सांगतो.

अजून निघाला नसाल तर आजच आपल्या लायसनची तारीख बघा. भारतातलं लायसन संपलेलं असेल तर इथल्या १२ महिन्यांचा काही उपयोग नाही. महाराष्ट्रात असतानाच सारथी पोर्टलवरून रिन्यू करून घ्या, इथे बसून ते काम करणं फार कटकटीचं होतं. आणि जुनं पुस्तकवालं लायसन असेल तर स्मार्ट कार्ड करून आणा.

तपासा: फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन तारखा टाकल्या का? आल्याची तारीख, १२ महिने संपायची तारीख, आणि त्याच्या सहा महिने आधीची तारीख. ही सहा महिने आधीची तारीख म्हणजे तुमची थिअरी पास झालेली असायची शेवटची तारीख समजा.

२. प्रोव्हिजनल पहिल्या दोन महिन्यांतच मागवा

इथे लोक अडून बसतात कारण त्यांना वाटतं प्रोव्हिजनल घेतलं की आपण शिकाऊ झालो, आता एकट्याने चालवता येणार नाही. असं नाहीये. १२ महिन्यांच्या आत असाल आणि भारताचं लायसन चालू असेल तर प्रोव्हिजनल जवळ असलं तरी शिकाऊचे नियम तुम्हाला लागू होत नाहीत, तुम्ही भारतीय लायसनवर चालवत राहू शकता. म्हणजे लवकर मागवण्यात तोटा काहीच नाही. उशीर केला तर मात्र पुढचं सगळंच अडतं, कारण प्रोव्हिजनलच्या नंबरशिवाय थिअरीसुद्धा बुक होत नाही.

अर्ज डीव्हीएलएकडे, म्हणजे लायसन देणाऱ्या सरकारी खात्याकडे करायचा. ऑनलाइन फी ३४ पौंड, पोस्टाने केलात तर ४३ (मी हे लिहितोय तेव्हाचे आकडे). पोस्टाचा फॉर्म डी-१, तो पोस्ट ऑफिसात मिळतो. तयारीला हे ठेवा:

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाचा शेअर कोड (ज्याने समोरच्याला तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता येतो). आता प्लास्टिकचं रेसिडन्स कार्ड राहिलेलं नाही, त्यामुळे यूकेव्हीआयचं (इथलं व्हिसा खातं) अकाउंट आधी नीट उघडून बघा, त्यात पासपोर्ट नंबर जुनाच असेल तर आधी तो बदला
- मागच्या तीन वर्षांचे पत्ते, म्हणजे भारतातलेसुद्धा, तारखांसकट
- नॅशनल इन्शुरन्स नंबर, असेल तर
- इथे किमान १८५ दिवस राहायची परवानगी

आता आपल्या लोकांची खास अडचण, नाव. आपलं नाव तीन भागांचं, आपलं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर मधलं नाव बऱ्याचदा पहिल्या नावाच्या रकान्यात जोडलेलं असतं, बँकेत ते गाळलेलं असतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर अजून एक भानगड. अर्ज भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. मग थिअरी, प्रॅक्टिकल, इन्शुरन्स, सगळीकडे तेच नाव. एका ताईंचं प्रोव्हिजनल माहेरच्या आडनावाने आलं आणि इन्शुरन्स सासरच्या, ते सरळ करण्यात तीन आठवडे गेले.

सावधान: गूगलवर शोधलंत तर वर जाहिरातीत येणाऱ्या साइट्स हुबेहूब सरकारी दिसतात आणि त्याच अर्जाचे दुप्पट पैसे घेतात. पत्ता गव्ह डॉट यूके असेल तरच पुढे जा. हे थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या बुकिंगलाही लागू आहे.

३. थिअरी बुक करा आणि मग अभ्यास करा, उलटं नको

कार्ड आलं की त्याच दिवशी थिअरीची तारीख घ्या, तीन ते पाच आठवडे पुढची. २३ पौंड. तारीख समोर असल्याशिवाय ऑफिस आणि मुलं सांभाळून कोणाचाच अभ्यास होत नाही, हे मी इतक्या जणांचं बघितलंय.

परीक्षेचे दोन भाग, दोन्ही एकाच बैठकीत पास व्हावे लागतात. पहिल्यात ५० प्रश्न, ५७ मिनिटं, ४३ बरोबर हवेत. दुसरा हॅझर्ड पर्सेप्शन, म्हणजे धोका वेळेवर ओळखणं, १४ व्हिडिओ, ७५ पैकी ४४ मार्क. परीक्षा इंग्रजीत (वेल्समध्ये वेल्शही आहे), हिंदी किंवा इतर भाषांची सोय २०१४ पासून बंद आहे. इंग्रजी वाचायला अडखळत असाल, आई-बाबांपैकी कोणी देणार असेल, तर हेडफोनवर इंग्रजीत प्रश्न वाचून दाखवायची सोय बुकिंग करतानाच मागता येते.

पहिल्या भागात आपली माणसं अडकतात ती अनुभवामुळे. प्रश्नात विचारतात, पादचारी कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला उभा आहे, तुम्ही वळताय, कोण थांबणार? आपला हात लगेच "पादचारी" वर जातो. इथे तुम्ही थांबायचं, जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये (रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक) हे स्पष्ट लिहिलंय. थांबण्याचं अंतरही पाठ करावं लागतं, ताशी ३० मैलाला २३ मीटर, ७० ला ९६ मीटर. आणि हो, सगळं मैलात. हायवे कोड गव्ह डॉट यूकेवर फुकट आहे, एकदा पूर्ण वाचा, नुसत्या ॲपवर प्रश्न घोकू नका.

हॅझर्डच्या भागात खूप हुशार, चांगली गाडी चालवणारी माणसं नापास होतात. कारण साधं आहे. व्हिडिओत काहीतरी *घडायला लागतं* त्या क्षणाला क्लिक करायचं असतं. बाजूला गाडी उभी आहे, तो धोका नाही. त्या गाडीने इंडिकेटर दिला आणि चाक वळायला लागलं, तो धोका. लवकर पकडलात तर ५ मार्क, उशीर झाला की ४, ३ असं करत शून्य. आपण मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर शिकलेले, आपल्याला इतकं सगळं नॉर्मल वाटतं की ब्रेक मारायची वेळ येईपर्यंत आपण क्लिकच करत नाही. काहीजण याच्या उलट दर दोन सेकंदाला टकटक करतात, मग कॉम्प्युटर तो व्हिडिओच शून्य धरतो. दिसलं की एकदा क्लिक, वाढत गेलं की अजून एकदा, पुरे. १४ पैकी एका व्हिडिओत दोन धोके असतात, त्यामुळे एक सापडला म्हणून नजर काढू नका.

तपासा: परीक्षेला प्रोव्हिजनलचं कार्ड न्यायचंच. फोनमधला फोटो, पासपोर्ट, काही चालत नाही, परत पाठवतात आणि पैसेही जातात. नापास झालात तर तीन वर्किंग दिवसांनंतरची तारीख घेता येते. पास झालात की दोन वर्षं चालते, त्या आत प्रॅक्टिकल पास व्हायचं.

४. थिअरी पास झालात त्याच रात्री प्रॅक्टिकल बुक करा

इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. लोक म्हणतात आधी चार-पाच लेसन घेतो, आत्मविश्वास आला की बुक करतो. तोपर्यंत जवळच्या सेंटरची रांग अजून लांबलेली असते. लंडन, स्लाव, हाउन्स्लो, हॅरो, लेस्टर, बर्मिंगहॅम, जिथे आपली वस्ती तिथे गर्दी जास्तच. चार-पाच महिने थांबावं लागतं हे गृहीत धरूनच चाला. फी सोमवार ते शुक्रवार दिवसा ६२ पौंड, संध्याकाळी, शनिवार-रविवारी किंवा बँक हॉलिडेला ७५.

बुक करण्याआधी एक निर्णय घ्यायचा, मॅन्युअल की ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकमध्ये पास झालात तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते, मॅन्युअलमध्ये झालात तर दोन्ही. माझं मत विचाराल तर भारतात वर्षानुवर्षं गिअरची गाडी चालवली असेल तर मॅन्युअलच द्या, क्लच तुमच्या पायाला माहीत आहे. पण कधीच चालवली नसेल आणि घ्यायची आहे तीही ऑटोमॅटिकच, तर उगाच हट्ट नको.

तारीख बदलायची किंवा रद्द करायची असेल तर १० पूर्ण वर्किंग दिवस आधी, नाहीतर पैसे गेले. पूर्वी ३ दिवस चालायचं, एप्रिल २०२५ पासून १० केलं, जुन्या मित्राने सांगितलेलं ऐकू नका.

सावधान: व्हॉट्सॲप ग्रुपवर "पुढच्या आठवड्याची स्लॉट आहे, २०० पौंड" असे मेसेज फिरतात. आपला लायसन नंबर आणि थिअरीचा नंबर अनोळखी माणसाला देणं म्हणजे घराची चावी देणं. कॅन्सल झालेल्या तारखा सरकारी साइटवरच दिसतात, सकाळी लवकर उठून बघत राहा, मला माझी तारीख तशीच सहा आठवडे अलीकडे मिळाली.

५. लेसन: किती, कोणाकडे आणि काय शिकायचं

गाडी येत असेल तर तुम्हाला शून्यापासून शिकायचं नाहीये, सवयी मोडायच्यात. पहिल्या लेसनलाच शिक्षकाला सांगा की मला टेस्टसारखं एक तास चालवू द्या आणि चुका लिहून द्या. मग त्या यादीवर काम करा. माझ्या बघण्यात अनुभवी माणसाला आठ-दहा तास पुरतात, काहींना जास्त लागतात. शिक्षकाच्या काचेवरचा बॅज बघा, हिरवा म्हणजे पूर्ण परवाना असलेला, गुलाबी म्हणजे स्वतः ट्रेनिंगमध्ये असलेला. गुलाबी वाईट असतो असं नाही, पण फी कमी असायला हवी.

आपल्या सवयींपैकी या हमखास नडतात:

आरसा. इथे प्रत्येक गोष्टीच्या आधी आरसा, वेग वाढवताना, कमी करताना, इंडिकेटर द्यायच्या आधी, उभ्या गाडीला वळसा घालताना. नुसते डोळे फिरवून चालत नाही, परीक्षकाला दिसायला हवं. आणि निघताना उजव्या खांद्यावरून मागे वळून बघायचं, दर वेळी.

स्टॉपची पाटी. गिव्ह वे असेल तर रस्ता मोकळा असला की हळू जाता येतं. स्टॉप असेल तर चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. मी पहिल्या वेळी यातच नापास झालो. समोर चिटपाखरू नव्हतं, मी पहिल्या गिअरमध्ये सरकत पुढे गेलो, अडतीस मिनिटं चांगली गेली होती आणि तिथे संपलं. घरी येऊन बायकोला सांगताना फार वाईट वाटलं होतं, म्हणून हे ठळक लिहितोय.

राउंडअबाऊट. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. डावीकडे जायचं तर आधीच डावा इंडिकेटर, सरळ जायचं तर आत जाताना काही नाही आणि आपल्या आधीचा एक्झिट गेला की डावा, उजवीकडे जायचं तर आधी उजवा आणि बाहेर पडताना डावा. आणि लेन आत जायच्या आधी पकडायची, आत गेल्यावर नाही.

वेग. पथदिवे असलेल्या रस्त्यावर पाटी नसेल तर ३०, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून २०, लंडनमध्येही बऱ्याच भागांत २०. पांढऱ्या गोलात काळी तिरकी रेघ म्हणजे "हवं तेवढं पळवा" नाही, साध्या रस्त्यावर ६० आणि मधे दुभाजक असेल तर ७०. पण उलटी चूकही तितकीच होते, ४० च्या रस्त्यावर घाबरून २५ ने चालवलं तर तेही चुकीत धरतात.

हॉर्न आणि डिपर. इथे हॉर्न म्हणजे "मी इथे आहे, सांभाळ", राग नाही आणि "बाजूला हो" पण नाही. समोरच्याने डिपर दिला म्हणून बिनधास्त पुढे जाऊ नका, स्वतः बघून जा.

सायकलवाला. किमान दीड मीटर अंतर, जागा नसेल तर मागे थांबा, कितीही वेळ लागला तरी.

६. टेस्टचा दिवस

साधारण ४० मिनिटं. सुरुवातीला २० मीटरवरची नंबर प्लेट वाचायला लावतात, चष्मा असेल तर घालून. तिसऱ्या प्रयत्नातही वाचता आली नाही तर टेस्ट तिथेच संपते, गाडीत बसायलाही मिळत नाही. म्हणून आदल्या आठवड्यात घराबाहेर पावलं मोजून बघून घ्या.

मग "सांगा" आणि "दाखवा" असे दोन प्रश्न, उदाहरणार्थ ब्रेक चालू आहेत हे कसं तपासाल, आणि चालवताना मागच्या काचेचा हीटर लावून दाखवा. यादी ठरलेली आणि जाहीर आहे, पाठ करून जा. एक रिव्हर्सचा प्रकार येतो, पॅरलल पार्किंग, बे पार्किंग किंवा उजवीकडे थांबून दोन गाड्यांइतकं मागे घेणं. इमर्जन्सी ब्रेक प्रत्येकाला येईलच असं नाही, पण सराव हवा. नंतर बराच वेळ सॅटनॅव्ह किंवा पाट्या बघून स्वतः चालवायचं. रस्ता चुकलात तर घाबरू नका, त्याचे मार्क जात नाहीत, घाईघाईत लेन बदललीत तर जातात.

छोट्या चुका १५ पर्यंत चालतात, मोठी किंवा धोकादायक एकही नाही. तीच छोटी चूक पुन्हा पुन्हा केली तर ती मोठी धरू शकतात. मध्येच वाटलं की आता नापास झालो, तर ते मनातून काढून चालवत राहा, कारण तुम्ही जिला मोठी समजताय ती परीक्षकाने लिहिलेलीच नसते असं खूपदा होतं.

तपासा, स्वतःची गाडी नेणार असाल तर: टेस्टसाठी इन्शुरन्स आहे ना हे कंपनीला फोन करून विचारलं का, टॅक्स आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) चालू आहे का, डॅशबोर्डवर एकही वॉर्निंग लाइट नाही ना, पुढे-मागे एल आहे का, परीक्षकासाठी वेगळा आतला आरसा लावला का. यातलं एक जरी राहिलं तरी टेस्ट न घेता परत पाठवतात.

नापास झालात तर पुढची तारीख किमान १० वर्किंग दिवसांनंतरची. ईमेलवर आलेल्या निकालातल्या चुका वाचा आणि परत त्याच रात्री बुक करा.

७. १२ महिने संपले आणि लायसन आलं नाही तर

आता तुम्ही पूर्ण शिकाऊ. एल लावायचं, आणि शेजारी अशी व्यक्ती जिचं वय किमान २१ आहे आणि जिच्याकडे पूर्ण लायसन तीन वर्षांपासून आहे, तेही यूके, युरोपियन युनियन, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड किंवा लिख्टेनस्टाइनचं. इथेच फार मोठी चूक होते. शेजारी रूममेट बसतो, त्याच्याकडे भारताचं दहा वर्षांचं लायसन, त्याला वाटतं चालतंय. नाही चालत. आणि ज्याने मागच्या वर्षी इथली टेस्ट पास केली तोही चालत नाही, तीन वर्षं व्हायला हवीत. मोटरवेवर तर फक्त मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर आणि डबल कंट्रोलच्या (शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असलेल्या) गाडीतच.

इन्शुरन्स कंपनीलाही लगेच कळवा. पॉलिसी घेताना तुम्ही भारतीय लायसन सांगितलेलं असतं, ते आता चालू नाही, म्हणजे अपघात झाला तर ते हात वर करू शकतात. विनाइन्शुरन्स पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसनवर ६ पेनल्टी पॉइंट, कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही, गाडीही उचलून नेतात. आणि टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन रद्द, परत प्रोव्हिजनलपासून. "फक्त मुलाला शाळेत सोडून येतो" म्हणून निघालेल्या एका माणसाचं असं झालेलं मी जवळून बघितलंय, त्या दिवशी मूल गाडीतच होतं. कृपा करून असं करू नका, बसचा पास काढा.

८. पास झाल्यावरची चार कामं

पास सर्टिफिकेट मिळतं आणि परीक्षक नवीन कार्ड आपोआप मागवू का विचारतो, हो म्हणा. कार्ड साधारण तीन आठवड्यांत पोस्टाने येतं, पण चालवता त्याच दिवसापासून येतं. इन्शुरन्सला फोन करा, पूर्ण यूके लायसन झालं की बऱ्याच जणांचा हप्ता उतरतो. घर बदललंत तर डीव्हीएलएला पत्ता कळवा, फुकट आहे, नाही कळवला तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आपण तर पहिल्या तीन वर्षांत तीन घरं बदलतो.

आणि भारताचं लायसन कोणाला द्यायचं नाही, ते इथे जमा करावं लागत नाही. जपून ठेवा, सुट्टीत गेलात की तारीख बघून रिन्यू करून घ्या, गावी गाडी चालवायला तेच लागणार आहे.